बारा जणांचा होकार

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी वर्तुळात कुणाला ज्युरी ड्यूटीचं समन्स आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातून सुटायचं कसं? सल्ले भरपूर मिळतात. इंग्रजी नीट कळत नाही असं लिही. भारताचं तिकीट काढलंय म्हण. नाहीतर जज्जसमोर सरळ सांग की पोलिसांवर माझा काडीचा विश्वास नाही, पाच मिनिटांत घरी पाठवतील. २०१९ च्या सप्टेंबरात मला समन्स आलं तेव्हा हे सगळं मलाही सांगून झालं. मी गेले. नागरिकत्वाची शपथ घेऊन फार वर्षं झाली नव्हती आणि ती मी मनापासून घेतली होती.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो, पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्याचा आरोप असलेल्या नौदल अधिकाऱ्याचा. १९५९ साली मुंबईत ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि पुढे ही पद्धत भारतातून गेलीच. त्यामुळे ज्युरी म्हणजे भावनेच्या भरात वाहवत जाणारी माणसं, असं माझ्याही डोक्यात बसलेलं होतं. इथे त्या खुर्चीत बसल्यावर निराळंच काही लक्षात आलं. सरकारला एखाद्या माणसाला तुरुंगात टाकायचं असेल, तर आधी बारा सामान्य माणसांचा होकार मिळवावा लागतो. बाराही जणांचा. अकरा चालत नाहीत.

हा होकार नेमका कुणाकडून घ्यायचा, यावर या देशात दीडशे वर्षं झगडा चालू आहे. कृष्णवर्णीयांना ज्युरीतून कायद्यानंच वगळणं घटनाबाह्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८८० सालीच सांगितलं. त्यावर लुइझियाना राज्यानं १८९८ साली वेगळी वाट काढली. कृष्णवर्णीय ज्युरीत बसणार असतील तर बसू देत, पण निकालाला बारा मतं कशाला हवीत? नऊ पुरे. म्हणजे दोन-तीन कृष्णवर्णीय कितीही नाही म्हणाले तरी काम अडायचं नाही. पुढे नवाचे दहा झाले, पण एकमताची अट तिथल्या मतदारांनी आणली ती थेट २०१८ साली, आणि सर्वोच्च न्यायालयानं ती साऱ्या देशाला लागू केली २०२० साली. न्यू जर्सीत एकमत आधीपासूनच लागत होतं. इथे प्रश्न वेगळ्या ठिकाणी सोडवला जातो: बारा जण निवडताना.

ती निवड मी जवळून पाहिली. या लिखाणाचं मूळ कारण तेच आहे.

मोठ्या हॉलमध्ये आम्ही शंभरावर लोक बसलो होतो. माझ्या शेजारचे एक गुजराती काका रांगेत माझ्याशी अर्धा तास झकास इंग्रजीत बोलले होते, वीस वर्षांचं दुकान, मुलीचं लग्न, बेसबॉल. नाव पुकारल्यावर ते पुढे गेले आणि "नो इंग्लिश" म्हणून घरी गेले. मला त्यांचा राग आला. दुकान बंद ठेवून बसणं परवडत नाही हे कळतं, पण तरीही आला.

मग आम्हाला कोर्टरूममध्ये नेलं. आरोपी तिथेच बसलेला होता, पंचविशीतला एक कृष्णवर्णीय मुलगा, अंगापेक्षा मोठा कोट घातलेला. सोडतीनं नंबर निघाले तसे लोक ज्युरीच्या खुर्च्यांत जाऊन बसले. प्रत्येकाच्या हातात छापील प्रश्नांचा कागद. काय काम करता, घरी कोण कोण आहे, बातम्या कुठून घेता, टीव्हीवर काय बघता, गाडीच्या मागे कुठले स्टिकर आहेत. माझ्या गाडीवर गणपती आणि मुलाच्या शाळेचा बँड. इथपर्यंत सगळे हसतखेळत होते.

पुढचे प्रश्न पोलिसांबद्दलचे होते. साक्षीदार पोलीस आहे एवढ्याच कारणानं तुम्ही त्याच्या शब्दाला जास्त किंवा कमी वजन द्याल का? तुम्हाला, घरच्यांना किंवा जवळच्या कुणाला पोलिसांचा काही चांगला-वाईट अनुभव आहे का? कुणावर कधी गुन्ह्याचा आरोप झाला आहे का? चारचौघांत बोलायचं नसेल तर जज्जच्या टेबलापाशी जायचं. दोन्ही वकील तिथे येतात, आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून स्पीकरमधून एक खरखर सोडतात, रेडिओवर स्टेशन लागत नसताना येते तशी. आम्ही बाकीचे ती खरखर ऐकत बसायचो.

एक निवृत्त शिक्षिका होत्या, गोऱ्या. त्यांचा जावई पोलिसात. निःपक्ष राहू शकाल का, असं जज्जनी विचारलं. "हो, नक्कीच." राहिल्या. त्यांच्या मागच्या रांगेत वेअरहाऊसमध्ये काम करणारा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्यानं टेबलापाशी न जाता जागेवरूनच सांगितलं: माझ्या भावाला इतक्या वेळा रस्त्यात थांबवलंय की आम्ही मोजायचं सोडून दिलं. जज्जनी तोच प्रश्न विचारला. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "प्रयत्न करेन." जज्जना "हो" हवं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, त्यानं दोनदा तेच उत्तर दिलं, आणि त्याला घरी पाठवण्यात आलं. मला अजूनही वाटतं की त्या खोलीत त्या प्रश्नाला सगळ्यात प्रामाणिक उत्तर त्यानंच दिलं होतं.

त्यानंतर वकिलांची पाळी. दोन्ही बाजूंना ठरावीक संख्येपर्यंत लोक कारण न देता वगळता येतात. स्कूलबस चालवणाऱ्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या, साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी सगळ्या प्रश्नांना ठणठणीत "हो, निःपक्ष राहीन" असं सांगितलं होतं. टेबलापाशी एकदा गेल्या होत्या, खरखर बराच वेळ चालली होती. सरकारी वकील उठल्या आणि अतिशय सौजन्यानं म्हणाल्या की सरकार पक्ष या ज्युरर बाईंचे आभार मानून त्यांना मोकळं करत आहे. बाईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. बचाव पक्षाच्या वकिलांनी हरकत घेतली, पुन्हा खरखर, आणि मग पुढचा नंबर.

केवळ वर्णामुळे असं वगळता येत नाही, हे १९८६ च्या बॅटसन निकालापासून ठरलेलं आहे. केंटकीतल्या त्या खटल्यात सरकारी वकिलानं चारही कृष्णवर्णीय ज्युररना उडवलं होतं. पण त्या निकालानं वाट बंद झाली नाही. हरकत आलीच तर वर्णाशी संबंध नसलेलं एखादं कारण द्यायचं, एवढंच. नातेवाइकाला अटक झाली होती. पोलिसांबद्दल नाराजी दिसली. अशी कारणं कायम कुणाला लागू होणार, हे ज्या समाजाला पोलीस रोज थांबवतात त्याला सांगायला नको.

माझी पाळी आली तेव्हा पोलिसांचा काही वाईट अनुभव? काही नाही, म्हणाले. खरंच नव्हता. दोन्हीकडून माझ्यावर हरकत आली नाही. मी ज्युरर झाले.

त्या रात्री मात्र सोलापूर डोक्यातून जाईना. माझं बालपण तिथलं. आमच्या गावात एका भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला, आणि जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची माणसं सोलापुरात तारेच्या कुंपणात आणून ठेवली. हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, गिरणीत राबायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून या समाजाला विमुक्त म्हणतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांची नजर काही बदलली नाही. गल्लीत चोरी झाली की पहाटे पारध्यांच्या पालावर गाडी जायची. मोठी माणसं हे सांगताना आवाजही खाली करत नसत, इतकं ते नेहमीचं होतं. "चला साहेब बोलावतात" म्हटल्यावर ती माणसं मुकाट्यानं गाडीत बसायची. त्यांना कुणी जबरदस्तीनं कोंबलं असं दिसायचं नाही. आमच्या घरी पोलीस आला तर चहा मिळायचा. पोलिसांचा वाईट अनुभव नाही, हे माझं उत्तर खरं होतं ते मी कुठल्या घरात जन्मले त्यामुळे. आणि नेमक्या त्याच उत्तरामुळे मी त्या खुर्चीत होते.

सत्तेला होकार हवा असतो, पण तिचा दांडका ज्यांच्या पाठीवर बसलेला आहे त्यांचा नको असतो. त्यांचा होकार अवघड. ते विचार करतात, "प्रयत्न करेन" म्हणतात.

खटला असा होता. रात्री एका गावच्या पोलिसांनी गाडी थांबवली, लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून. गाडीत तिघं. झडतीत पुढच्या सीटखाली पिस्तूल सापडलं. आमच्यासमोरचा आरोपी चालक नव्हता, मागे बसला होता. चालक कोर्टात कुठे दिसलाच नाही. गाडीत शस्त्र सापडलं तर ते आत बसलेल्या सगळ्यांच्याच ताब्यात होतं असं मानायची मुभा न्यू जर्सीचा कायदा ज्युरीला देतो. मानलंच पाहिजे असं नाही, पण मानता येतं. बंदूक तिथे आहे हे याला माहीत होतं का, एवढाच आमच्यापुढचा प्रश्न होता.

पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. पोलीस चालकाला बाहेर घेतो. मागे दुसरी गस्तीची गाडी येऊन उभी राहते, लाल-निळे दिवे भिंतीवर फिरतायत. चालकाचं लायसन्स पोलिसाच्या खिशात. पोलीस अगदी मवाळ आवाजात विचारतो, "लपवण्यासारखं काही नाही ना? मग मी एक नजर टाकली तर चालेल ना तुला?" चालक मुलगा गाडीकडे बघतो, दुसऱ्या पोलिसाकडे बघतो, खांदे उडवतो. "बघा." पोलीस एक फॉर्म काढून डिकीच्या पत्र्यावर ठेवतो, टॉर्च धरतो, बोट दाखवतो. मुलगा वाकतो आणि सही करतो. तो कागद त्यानं वाचला नाही. वाचायला लागतो तेवढा वेळ कागद आणि सही यांच्यामध्ये गेलाच नाही. नकार देण्याचा हक्क आहे, असं त्यावर छापलेलं होतं.

मागच्या सीटवरच्या मुलाला कुणी काहीच विचारलं नाही. होकार एकानं दिला आणि खटला दुसऱ्यावर चालला.

झडती का मागितली, असं बचाव पक्षाच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं. ते घाबरलेले दिसत होते, असं पोलीस म्हणाला. जज्जनी आम्हाला स्पष्ट सांगितलं: झडती कायदेशीर होती की नाही हा प्रश्न तुमच्यासमोर नाही, त्याचा निर्णय आधीच झालेला आहे. मी तो आदेश पाळला. पण जे डोळ्यांनी बघितलं ते विसरायला कुणाचा आदेश पुरत नाही.

ज्युररनं खटल्याबद्दल बाहेर वाचायला सक्त मनाई असते. सगळं संपल्यावर मी वाचायला बसले, आणि कितीतरी रात्री वाचतच राहिले. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की झडतीसाठी होकार मागताना "तू नाही म्हणू शकतोस" हे सांगणं पोलिसांवर बंधनकारक नाही. होकार राजीखुशीचा होता की नाही ते एकूण परिस्थितीवरून ठरवायचं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाला ते पुरेसं वाटलं नाही. १९७५ साली त्यांनी सांगितलं की नाही म्हणायचा हक्क त्या माणसाला माहीत होता, हे सरकारनं सिद्ध करायला हवं. तो फॉर्म इथून आला.

फॉर्म आला, सह्या होत राहिल्या. २३ एप्रिल १९९८ ला न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावर राज्य पोलिसांनी एक व्हॅन थांबवली. आत चार तरुण, तीन कृष्णवर्णीय आणि एक हिस्पॅनिक, नॉर्थ कॅरोलायनात बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेले. पोलिसांनी ११ गोळ्या झाडल्या, तिघं जखमी झाले. त्यानंतर राज्याच्या अॅटर्नी जनरलला चौकशी करावी लागली. १९९९ च्या एप्रिलमधल्या त्या अहवालात टर्नपाइकवरच्या दोन ठाण्यांच्या नोंदी आहेत. होकार घेऊन केलेल्या झडत्यांपैकी सुमारे ७७ टक्के कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक लोकांच्या. या सगळ्यांनी "बघा" म्हटलं होतं. कागदोपत्री सगळं राजीखुशीचं. राज्य सरकारनंच हे मान्य केलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्र सरकारशी समझोता झाला, पोलिसांवर बाहेरचे निरीक्षक आले, गाड्यांत कॅमेरे आले, आणि ही देखरेख २००९ पर्यंत चालली. २००२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं: रस्त्यात थांबवलेल्या गाडीची झडती मागायलाही आधी सबळ संशय हवा, नुसतं मनात आलं म्हणून विचारायचं नाही. इतक्या थेटपणे फार थोड्या न्यायालयांनी मानलं आहे की रात्री रस्त्याच्या कडेला, लायसन्स दुसऱ्याच्या खिशात असताना, माणूस खरं म्हणजे होकार देऊच शकत नाही.

तरीही आमच्यासमोरच्या खटल्यात संशयाचं कारण होतं, "घाबरलेले दिसत होते".

युक्तिवाद संपल्यावर आमच्यातले दोन जण चिठ्ठी टाकून वेगळे काढले. इथे सुरुवातीला चौदा बसवतात, कुणी आजारी पडलं तर असू द्यावेत म्हणून, आणि शेवटी बारा ठेवतात. माझा नंबर निघाला. बारा जण आत गेले आणि मी बाहेर. सगळं ऐकून, सगळं पाहून, माझं मत कुणी विचारलंच नाही. काही दिवसांनी कोर्टातून फोन आला की आता तुम्ही मोकळ्या आहात, ज्युरीचं एकमत झालं नाही. कुणी एक नाही म्हणालं की सहा, ते कळलं नाही. सरकारला त्या वेळी बारा जणांचा होकार मिळाला नाही, एवढं खरं. अशा वेळी सरकार पुन्हा नव्या ज्युरीपुढे खटला उभा करू शकतं.

तशी वेळ आलीच नाही. मार्च २०२० मध्ये करोनामुळे ज्युरीचे खटले थांबले. मे महिन्यात मिनियापोलिसला पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला मारलं आणि आमच्या टाउनशिपमध्येही मोर्चे निघाले. तो मुलगा तारखेची वाट बघत होता. २०२१ साली कोर्टाचं कामकाज ऑनलाइन दिसायला लागलं होतं, कुणालाही बघता यायचं. एके दिवशी यादीत मला त्याचं नाव दिसलं. मी ओट्यावर लॅपटॉप ठेवला आणि बघितलं.

तो गुन्हा कबूल करत होता. खटला पुन्हा चालून दोषी ठरला असता तर पाच ते दहा वर्षं, त्यातले किमान ४२ महिने सुटकेचा विचारसुद्धा नाही. कबूल केलं तर प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली राहणं. त्याच्या खिडकीत तो एकटा होता, मागे पांढरी भिंत. जज्ज एकेक प्रश्न विचारत होते. हा फॉर्म तू वाचलास का? हो. सही तुझीच? हो. ज्युरीपुढे खटला चालवायचा हक्क सोडतो आहेस हे कळतंय? हो. तुला कुणी धमकावलं का, जबरदस्ती केली का? नाही. हे तू स्वखुशीनं करतो आहेस? हो. सीटखाली पिस्तूल आहे हे तुला माहीत होतं? इथे तो क्षणभर थांबला. मग हो म्हणाला.

त्याला खरंच माहीत होतं का, मला सांगता येणार नाही. निदान एका ज्युररला तरी ते पटलं नव्हतं. या देशात राज्यांच्या न्यायालयांतल्या १०० पैकी ९४ शिक्षा अशाच कबुलीवर होतात, हे खुद्द सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या एका निकालात नोंदवलं आहे. म्हणजे बारा जणांना विचारायची वेळच बहुतेकदा येत नाही. एकाच माणसाकडून होकार घेतला की झालं, आणि नाही म्हटलं तर काय होईल ते त्याला आधी आकड्यांत सांगितलेलं असतं. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला ज्युरीत बसता येत नव्हतं. म्हणजे त्या दुपारी अजून एक जण त्या यादीतून गेला.

काही बदललं, तेही सांगायला हवं. नूवर्कच्या एका कृष्णवर्णीय माणसाला ज्युरीतून काढण्यासाठी सरकारी वकिलांनी गुपचूप त्याची गुन्हेगारी नोंद तपासली होती. २०२१ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक निकाल दिला. १ सप्टेंबर २०२२ पासून नवा नियम लागू झाला: ज्युरर वगळण्यामागे नकळत असलेला पूर्वग्रहही चालणार नाही. वॉशिंग्टन राज्याच्या २०१८ च्या नियमात तर स्पष्टच लिहिलं आहे की "पोलिसांवर विश्वास नाही" किंवा "पोलिसांशी संबंध आला होता" ही कारणं मुळात अवैध धरावीत. स्कूलबस चालवणाऱ्या त्या बाई आज बोलावल्या गेल्या असत्या तर कदाचित राहिल्या असत्या.

माझा मुलगा एव्हाना गाडी चालवायला लागला होता. त्याला मी वाक्य पाठ करून घेतलं: झडतीला माझी संमती नाही. हात स्टिअरिंगवर, आवाज शांत, अडवाअडवी करायची नाही, पण हे शब्द कॅमेऱ्यात गेले पाहिजेत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, मी हे म्हणू शकेन. पण टीममधला माझा मित्र असं म्हणाला ना, तर त्याची आई त्याला आधी ओरडेल."

मी त्या आईला फोन केला. आमची ओळख मॅचच्या वेळी एकमेकींना पाण्याच्या बाटल्या देण्याइतकीच. त्या म्हणाल्या, "मी त्याला घरी जिवंत यायला शिकवते. पोलीस जे मागेल ते दे, जे म्हणेल ते कर. नाही म्हणायचं काम नंतर वकील करेल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुझा मुलगा नाही म्हणू शकतो, हे मला आवडतं. पण त्याला हेही सांग की ते सगळ्यांना जमत नाही."

यंदा मी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत प्रस्ताव ठेवला की नव्यानं गाडी चालवायला लागलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी एक सत्र ठेवू, एक वकील आणि या बाई अशा दोघींना बोलावू. एका सदस्यांनी विचारलं, आपल्या मुलांचा याच्याशी काय संबंध? आपल्याला कोण थांबवतं? मी त्यांना २०१५ सालची अलाबामातली गोष्ट सांगितली. नातवाला सांभाळायला भारतातून आलेले आजोबा सकाळी फूटपाथवर फिरत होते, इंग्रजी येत नव्हतं, पोलिसानं त्यांना जमिनीवर आपटलं. शेजारच्यानं फोन करून सांगितलं होतं की एक कृष्णवर्णीय माणूस फिरतोय. आणि त्याआधीची १९२३ सालची. भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात ठरवलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, ते स्वतः आधीच नागरिक झालेले. त्या निकालाच्या जोरावर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं. ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये जिंकले. बाकी अनेकांचं गेलं. आपण ज्या खुर्चीत बसायला कंटाळा करतो, तिच्यापर्यंत पोहोचायला त्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

त्या सदस्यांना हे फारसं पटलं नाही. म्हणाले, विषय राजकीय होईल, संक्रांतीच्या कार्यक्रमाला जोडू नका. मी म्हटलं, जोडत नाही, वेगळा ठेवते. मतदान झालं, प्रस्ताव थोडक्यात मंजूर झाला. शाळेचा हॉल मिळाला आहे. पत्रकात मी खाली एक ओळ टाकली आहे: ज्यांना ज्युरीचं समन्स आलं आहे त्यांनीही यावं, समन्स सोबत आणावं, फॉर्म कसा भरायचा ते आपण एकत्र बसून बघू. त्या गुजराती काकांचा पत्ता मला माहीत नाही. दुकान माहीत आहे. तिथेही एक पत्रक नेऊन देणार आहे.